लांब टोपीचे दात

आन्सगार ब्रून आमच्या गावात एकोणीसशे नऊ साली आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मी पाच वर्षांचा. त्यामुळे तो नव्हता तेव्हा गाव कसं होतं, हे मला विचारू नका. माझ्या आठवणीत हार्लन क्रॉसिंगच्या मुख्य रस्त्यावर पहिल्यापासून तीन गोष्टी आहेत: कोर्टाचं घड्याळ, आमचं लोखंडी सामानाचं दुकान आणि त्याला लागून आन्सगारचं घड्याळं-दागिन्यांचं दुकान. मोंटानातलं हे गाव तेव्हाही लहान होतं आणि आजही फार वाढलंय असं नाही. नदी ओलांडली की क्रो लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जमीन सुरू होते.

माणूस कमी बोलायचा. इतका कमी, की त्याची बायको थोरा जिवंत होती तेव्हा म्हणायची, "लग्नाला हो म्हणाला ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, नाहीतर विश्वास बसला नसता." रोज सकाळी ओटची लापशी, दर सोमवारी कोर्टाच्या मनोऱ्यावर चढून घड्याळाला चावी, गुरुवारी लॉजची सभा. मुलंबाळं नव्हती. थोरा गेल्यावरही यात काही फरक पडला नाही. लापशी फक्त तो स्वतः करायला लागला.

लॉजबद्दल सांगायला हवं. लॉज म्हणजे गावातल्या पुरुषांचं बंधुमंडळ. आमच्या लॉजचं चिन्ह एल्क हरीण. एल्कच्या वरच्या जबड्यात दोनच सुळे असतात, पिवळसर पांढरे, मुळाशी जाड आणि गुळगुळीत. एका जनावराचे दोन, जास्त नाहीत. आमच्या वडिलांच्या पिढीत लॉजचा बंधू म्हणजे जाकिटावर घड्याळाची साखळी आणि साखळीला सोन्याच्या टोपीत बसवलेला एल्कचा दात, हे ठरलेलं होतं. पुढे पुढे लोक म्हणू लागले की दातांपायी हरणं संपत चाललीत, मग नवे दात बसवणं थांबलं. जुने मात्र बापाकडून मुलाकडे येत राहिले आणि जुने म्हणून त्यांची ऐट आणखीनच वाढली.

त्या दातांतही खानदानी आणि साधे होते. बहुतेकांच्या दाताची सोन्याची टोपी आखूड, नुसती मुळाला धरून बसलेली. काहींची मात्र लांब, जवळजवळ अर्ध्या दातापर्यंत आलेली, त्यावर कोरीव पानं. सोनं जास्त म्हणजे माणूस मोठा, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. लांब टोपीचे दात गावात नऊ होते. बँकेच्या व्हर्नन स्टलकडे एक होता आणि माझ्याकडे एक. माझा म्हणजे माझ्या वडिलांचा, हेन्री पॅचन यांचा. एकोणीसशे अकराच्या हिवाळ्यात स्टोनी क्रीकच्या वरच्या अंगाला, गुडघाभर बर्फात, त्यांनी सात टोकांच्या शिंगांचा नर मारला होता. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली आणि ते गेल्यावर लॉजमध्ये निदान पन्नासदा सांगितली. शेवटी शेवटी मी त्यात वारासुद्धा घालत असे.

लॉजमध्ये दात नसलेला बंधू एकच, आन्सगार. साखळी साधी, तिला फक्त चावी. पोरंसोरं चिडवायची, "सगळ्या गावाचे दात बसवले आणि स्वतः बोळका राहिला." तो "हं" म्हणायचा. कुणी शिकारीची गोष्ट सुरू केली की चष्मा काढून पुसत बसायचा. मला वाटायचं म्हाताऱ्याला कंटाळा येतो.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी नेहमीसारखा त्याच्याकडे दहाची कॉफी प्यायला गेलो होतो. नेटी वन क्रेन आत आली. नदीपलीकडची, तेव्हा छप्पन्न-सत्तावन्नची असेल, अंगानं भरलेली, डोक्याला रुमाल. नवऱ्याचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. घड्याळ घेतलं, कानाला लावलं, आणि तिनं पिशवीतून एक कापडाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. चार एल्कचे दात. जुने, हाताळून चकाकी आलेले.

"घड्याळवाले, असे कुठं मिळतील का?" ती म्हणाली. "माझ्या नातवाचं लग्न आहे नाताळानंतर. क्लिफर्डचं."

"बरं झालं," आन्सगार म्हणाला.

"बरं कसलं, माझी झोप उडालीय. आमच्यात मुलाकडच्यांनी सुनेला झगा द्यायचा असतो, दातांचा. झगा आहे, माझ्या आईचा आहे. पण पुढं छातीवर दोन ओळी हाडाच्या आहेत, दातासारखं हाड कोरून लावलेलं. मागं हाड चालतं, बाजूला चालतं, सगळेच लावतात. पण छातीवर? बघणाऱ्या बाया काय आंधळ्या आहेत?"

मी हसलो. ती माझ्याकडे वळली.

"हसा तुम्ही. तुमच्यात सुनेला काय देतात?"

"केकचा साचा," मी म्हणालो. "आणि सल्ले."

यावर ती हसली. आन्सगार मात्र हसला नाही. त्यानं एक दात उचलून डोळ्याला भिंग लावलं होतं आणि तो काढायचं नाव घेईना.

"दोन भोकं आहेत," तो म्हणाला.

"आमच्या आजीची खोड. सगळे एकच पाडतात. ती म्हणायची, एका भोकात दात फिरतो, उलटा होतो. दोन असली की छातीला सपाट बसतो. ती गेली, तिच्यामागं तसं कुणी केलं नाही. म्हणून दोन भोकांचे दिसले तर ते आमचेच."

"बाकीचे कुठं गेले?" मी विचारलं. निव्वळ तोंडाला आलं म्हणून.

"विकले. दहा सालचा हिवाळा. घरात पीठ नव्हतं. एक व्यापारी यायचा, त्याला झगे नको असायचे, फक्त दात. आईनं झगा मांडीवर घेतला आणि एकेक कापला. मी दहा वर्षांची होते, डबा मी धरला होता." ती हे सांगताना घड्याळाचा पट्टा लावत होती. "चार आईनं लपवून ठेवले. हे ते."

आन्सगारनं दात परत कापडावर ठेवला, चारही सरळ ओळीत लावले. "शोधतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर मी त्याला विचारलं की कुठं शोधणार, तर तो म्हणाला, "कॉफी गार झाली तुझी."

आता नोव्हेंबर. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या लॉजमध्ये गेलेल्या बंधूंची आठवण होते. त्याआधी सगळ्यांच्या साखळ्या, दात, पदकं आन्सगारकडे साफ व्हायला जातात. वर्षानुवर्षांची पद्धत. बशीत नावाची चिठ्ठी, चिठ्ठीवर दात. मीही माझा नेऊन दिला. त्या वर्षी त्यानं निरोप पाठवला की शनिवारी दुपारी दोनला या आणि आपापले घेऊन जा. अशी वेळ त्यानं कधी दिली नव्हती. आणि निरोप फक्त आम्हा नऊजणांना होता, पण ते तिथं गेल्यावर कळलं.

काउंटरवर हिरवं बनातीचं कापड अंथरलं होतं. त्यावर नऊ दात उघडे. प्रत्येकाच्या बाजूला त्याची सोन्याची टोपी काढून ठेवलेली आणि खाली नावाची चिठ्ठी. टोपीखालचा दाताचा भाग कधी कुणी पाहिला नव्हता. तो बाकीच्यापेक्षा पांढरा होता, आणि प्रत्येकात दोन भोकं होती. शेजारी शेजारी, जरा तिरपी.

मला लगेच कळलं. बाकीच्यांना कळायला वेळ लागला, कारण ऑक्टोबरमध्ये कॉफी प्यायला ते नव्हते.

"हे काय केलंस?" व्हर्नन स्टल म्हणाला. व्हर्नन आमच्या लॉजचा त्या वर्षीचा प्रमुख. "दाताला भोकं कुणी पाडली?"

"मी नाही पाडली," आन्सगार म्हणाला. "ती होतीच. म्हणून टोपी लांब."

मग तो बोलला. माझ्या उभ्या आयुष्यात त्याला एका दमात इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. हे दुकान दुसऱ्याचं होतं आणि तो इथं उमेदवार म्हणून लागला, तेव्हाच्या पहिल्या हिवाळ्यात व्यापाऱ्यानं सिगारच्या डब्यातून दात आणून मालकाला विकले. झग्यांवरून कापलेले. दोऱ्याचे तुकडे भोकांत तसेच होते. मालकानं सांगितलं, दोरे काढ, लाखेनं भोकं बुजव, टोपी लांब कर, भोक दिसता कामा नये. गिऱ्हाइकाला हवं ते त्यानं सांगावं, आपण टोपी बसवायची. त्यानं बसवल्या. त्या दातांची मालकीण कोण ते आता त्याला कळलं आहे, नातवाचं लग्न नाताळानंतर आहे, आणि तिला ते छातीवर लावायला हवेत.

"ज्याला द्यायचा असेल त्यानं इथंच ठेवून जा," तो म्हणाला. "ज्याला नको, त्याला टोपी परत बसवून देतो. आत्ता, समोर. पैसे नाहीत."

बाहेर कुणाचा तरी ट्रक बराच वेळ सुरू होत नव्हता, तेवढाच आवाज.

"म्हणजे माझा बाप खोटं बोलला," व्हर्नन म्हणाला.

"मी दात दाखवतोय, व्हर्नन."

"शेहेचाळीस वर्षं तोंडाला कुलूप होतं ना तुझ्या? मग आजच किल्ली कुठं सापडली?"

"डोळे चाललेत. मोतीबिंदू आहे दोन्हीकडं. पुढच्या वर्षी टोपी काढायला गेलो तर दात फोडीन."

"आणि आमचं काय? गावात तोंड कसं दाखवायचं?"

"मी इथं नऊजणांनाच बोलावलंय," आन्सगार म्हणाला. "बाहेर कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

व्हर्नननं स्वतःचा दात त्याच्या तोंडासमोर धरला. "बसव."

आन्सगारनं स्पिरिटचा दिवा पेटवला. लाख तापवली, टोपीत घातली, दात बसवला, अंगठ्यानं दाबून धरला. हात जराही हलला नाही. व्हर्नननं साखळीला दात अडकवला आणि दार आपटून गेला.

मी माझा दात हातात घेतला होता. वडिलांचा स्टोनी क्रीकचा नर. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटत होतं आणि त्याचाच मला राग येत होता.

"आन्सगार, निदान नर तरी आहे ना?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

त्यानं भिंगातून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "लहान आहे, टोकाला निमुळता. मादी आहे, लोवेल."

"बसवा टोपी," मी म्हणालो.

त्यानं बसवली. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल, टोचेल. काही नाही. चिठ्ठी तेवढी घडी करून मला परत दिली.

घरी गेल्यावर आयोनाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती कणीक तिंबत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला लग्न झाल्यापासून शंका होती."

"काय शंका?"

"अहो, तुमचे वडील कोंबडी मारायला शेजारच्या एडनाला बोलवायचे. रक्त बघितलं की त्यांना खुर्ची लागायची. सात टोकांचा नर मारला म्हणे, गुडघाभर बर्फात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सासरा होता माझा. प्रेमळ माणूस होता. एवढी एक गोष्ट सांगून त्याला बरं वाटायचं तर मी का मोडता घालू?" मग तिनं कणकेचा गोळा उलटा केला आणि म्हणाली, "पण ते त्यांच्यापुरतं होतं. तुम्ही मात्र आता माहीत असून सांगणार, हे वेगळं झालं."

मी जेवलो नाही त्या रात्री. आयोनानं आग्रहही केला नाही, आणि ती आग्रह करत नाही तेव्हा समजावं की चूक माझीच आहे.

हिशेब असा झाला की पाचजणांनी दात ठेवले आणि चौघांनी टोपी परत बसवून घेतली. ठेवणाऱ्यांत असे लोक निघाले की मला आश्चर्य वाटलं. खाटीक ओर्विल, जो कुणाला सुतळीचा तोडा फुकट देत नाही, तो म्हणाला, "माझ्याकडं राहिला काय आणि गेला काय, मी जाकीट घालतोच कुठं?" आणि ठेवून गेला. बातमी मात्र फुटलीच. नऊ तोंडं म्हणजे नव्वद कान. आठ दिवसांत सगळ्या गावाला कळलं की लांब टोपी म्हणजे काय. मग ज्यांची टोपी आखूड, ज्यांनी कधी फारशी मान वर केली नव्हती, ते जाकिटाची बटणं लावून हिंडायला लागले.

याची किंमत आन्सगारनं मोजली. व्हर्नननं कोर्टातल्या लोकांना सांगून सोमवारची चावी काढून घेतली. म्हणे म्हाताऱ्याला जिन्यावर दिसत नाही, पडेल. गावाची घड्याळं दुरुस्तीला बिलिंग्स शहरात जायला लागली. आन्सगारनं लॉजचा राजीनामा एका ओळीत लिहून मलाच आणून दिला, कारण सचिव मी होतो. मी तो टेबलाच्या खणात टाकला. तो सभेला येईना, पण माझ्या दुकानात दहाला कॉफीला येत राहिला. आता त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून कॉफी माझ्याकडे. दाताबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. हवा, सरपण, ओर्विलचं कंजूषपण, यावर आमचं चालायचं.

नाताळानंतर तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्या नेटीकडं लग्न आहे. मला बोलावलंय. रस्त्यावर बर्फ आहे आणि मला वळणं दिसत नाहीत."

"मी सोडतो," मी म्हणालो.

आयोनानं ठेवणीतलं जाकीट काढून दिलं. साखळी मी लावली. दातासकट. ती नुसती बघत राहिली. मी मुद्दाम लावली, कबूल करतो. मला वाटत होतं की नाही लावली तर व्हर्नन म्हणाला तसं तोंड लपवल्यासारखं होतं, आणि लावली तर मी ताठ राहतो. माणूस रागात असला की असलंच काहीतरी गणित करतो.

नदीपलीकडचं त्यांचं सभागृह माणसांनी भरलेलं होतं. उकडलेलं मांस, तळलेली पोळी, रानचेरीची गोड खीर, कॉफीची मोठी किटली. भिंतीला लागून म्हातारी माणसं खुर्च्यांवर. नेटीनं आन्सगारला हाताला धरून तिथं नेलं आणि आपल्या थोरल्या भावाशेजारी, बार्नीशेजारी बसवलं. आन्सगारनं खिशातून पुडी काढून नेटीला दिली. पाच दात त्यानं आधीच पाठवले होते. या पुडीत काय ते मला दिसलं नाही. नंतर कळलं की दुकानाच्या फळीखाली सापडलेला एक दात होता, भोकाजवळ फुटलेला, म्हणून तेव्हा टोपी न बसवता टाकलेला. तो त्यानं भरून दुरुस्त केला होता. मोतीबिंदू असताना.

मग नवरीला आणलं. लोरेटा तिचं नाव, वीसेक वर्षांची, गोल चेहऱ्याची, घाबरलेली. लाल लोकरीच्या कापडाचा झगा, त्यावर खांद्यापासून दातांच्या ओळी. ती चालली की सगळे दात एकदम हलत आणि बारीक आवाज येई. छातीवरच्या ओळीत जुने दात होते, सपाट बसलेले, आणि त्यांच्यानंतर हाडाचे. लांबून फरक कळत नव्हता. बायका मात्र जवळ जाऊन बोटानं एकेक बघत होत्या, आणि ज्याच्याशी थांबत तो खरा असे. नेटी मागं उभी होती, त्यांच्या बोटांकडे बघत. तिचा चेहरा बघून मला आईची आठवण झाली. पाहुणे जेवून ताटं उचलेपर्यंत आईचा चेहरा असाच असायचा.

बार्नी सत्तरीच्या पुढचा. दृष्टी तेज. माझ्या जाकिटाकडे बोट करून म्हणाला, "चांगला दात आहे."

"हो," मी म्हणालो.

"कुणी मारला?"

त्यात खोच नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. दुकानात मांडलेले नऊ दात त्याला माहीत नव्हते, टोप्या माहीत नव्हत्या. नेटीला पाच आले एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्यात अंगावर दात असला की विचारतातच, आणि विचारलं की माणूस उभा राहून सांगतो: कुणी मारला, कुठं, सोबत कोण होतं. सोबतचा तिथं बसलेला असतो, आणि एक शब्द जास्त झाला तर तो तिथंच थांबवतो. म्हातारा माझा मान ठेवत होता. आजूबाजूचे चार-पाचजण ऐकायला वळले. एकानं मला उठायला जागा करून दिली.

मी उठलो. स्टोनी क्रीक माझ्या तोंडात तयार होतं, बर्फ आणि वाऱ्यासकट. मी आन्सगारकडे पाहिलं. तो कॉफीच्या कपात बघत होता. त्यानं मान वर केली असती, मला नजरेनं काही सांगितलं असतं, तर मी हट्टानं ती गोष्ट सांगितली असती. त्यानं मान वर केली नाही.

"माझ्या वडिलांनी मारला नाही," मी म्हणालो. "ते सांगायचे मारला म्हणून, आणि मीही सांगायचो. विकत घेतलेला आहे. टोपीखाली दोन भोकं आहेत. तुमचा आहे."

बार्नीनं ते आपल्या भाषेत मागच्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. मग तो माझ्याकडे बघत बरंच बोलला आणि नेटीनं मला अर्थ सांगितला: "तो म्हणतो, बापाबद्दल असं उभं राहून सांगितलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणतो, बसा आणि जेवा."

मी आधी साखळी काढली. आन्सगारनं दिवा मागितला. दिवा नव्हता, कुणीतरी मेणबत्ती आणली. टोपी सुटली. नेटीनं सुईदोरा घेतला आणि नवरीच्या अंगावरचा झगा तसाच ठेवून छातीवरचा एक हाडाचा दात कापून तिथं तो लावला. तिला चष्मा लागत होता, तो कुठं ठेवला ते सापडेना, म्हणून तिनं बोटांनी चाचपून दोन्ही भोकांतून दोरा घातला. लोरेटा श्वास धरून उभी होती. शेवटची गाठ मारून नेटीनं दोरा दातानं तोडला आणि दात तळव्यानं दाबून पाहिला.

"फिरत नाही," ती म्हणाली. मग तोंडावर पदर घेतल्यासारखा तिनं रुमाल ओढून घेतला.

परत येताना उजेड होता. रस्ता घसरडा, मी हळू चालवत होतो. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि मी त्यांना परक्या गावात, भरल्या लग्नात खोटं पाडून आलो होतो. मला फार वाईट वाटत होतं. मी ते आन्सगारला सांगितलं.

त्यानं काचेकडं तोंड वळवलं. त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"हेन्री दात घ्यायला आला तेव्हा दुकानात मी एकटाच होतो," तो म्हणाला. "तू होतास त्याच्या कडेवर. सात वर्षांचा घोडा, पण पायाला लागलं होतं तुझ्या, म्हणून उचलून आणलं होतं. त्यानं दात हातात घेतला आणि तू विचारलंस, पप्पा, हा तुम्ही मारलात? त्यानं माझ्याकडं पाहिलं."

"मग?"

"मी म्हणालो, हो बाळ, तुझ्या पप्पांनी मारला. मोठा नर होता." त्यानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तो नाही बोलला, लोवेल. पहिल्यांदा मी बोललो."